पंपही घेता, चालताही, तरी धाप तेवढीच? या चुका टाळा

सीओपीडी म्हणजे फुप्फुसातल्या श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा जुनाट आजार. तो असलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते, पंप (इनहेलर) रोज घेतो, चालायलाही जातो, पण फरक काही पडत नाही. बऱ्याचदा औषधही बरोबर असतं आणि व्यायामही, फक्त दोघांचा एकमेकांशी मेळ नसतो.

पहिली चूक टायमिंगची. आधी चालून यायचं, धाप लागली की मग पंप ओढायचा. सीओपीडीत हवा आत जाते पण पूर्ण बाहेर पडत नाही, त्यात चालताना श्वास जोरात होतो म्हणजे बाहेर टाकायला वेळ अजूनच कमी, मग हवा आत साठत जाते, छाती फुगून बसते आणि पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. नळ्या आधीच मोकळ्या केल्या तर हे सगळं उशिरा सुरू होतं. सॅल्ब्युटामॉल (नळ्या पटकन मोकळ्या करणाऱ्या पंपातलं औषध) साधारण 5 मिनिटांत काम सुरू करतं, 15 ते 30 मिनिटांत त्याचा पूर्ण जोर येतो आणि 4 ते 6 तास टिकतो. म्हणून डॉक्टरांनी व्यायामाआधी घ्यायला सांगितलं असेल तर 10-15 मिनिटं आधी घ्या, बूट घालता घालता नाही. टायोट्रोपियमसारखं 24 तासांचं औषध मात्र रोज ठरलेल्या वेळीच, व्यायाम असो नसो. आणि नुसत्या स्टेरॉइडच्या पंपाने लगेच दम मोकळा होईल ही आशा सोडा, ते काम हळूहळू होतं (ते घेतल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी येते).

पंप ओढायची पद्धत तर बघायलाच नको! गॅसच्या पंपाला हळू लांब श्वास, पावडरच्या पंपाला जोरात खोल श्वास, आणि लोक नेमकं उलटं करतात. दोन्हीत आधी श्वास सोडायचा (पावडरच्या पंपात फुंकायचं नाही हं), आत घेतल्यावर जमेल तर 10 सेकंद रोखायचा. गॅसवाल्याला स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी) लावला तर अर्धं टेन्शन जातं.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, जिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. पंपाने दमसास वाढतो पण माणूस चालतो तेवढंच, त्याच स्पीडने. अहो, पंप फक्त नळ्या उघडतो, मांड्यांचे स्नायू वर्षानुवर्षं बसून कमकुवत झालेत त्यांचं काय? थोड्याशा कामाला पाय थकतात आणि श्वास वाढतो तो त्यामुळेही. 2005 मध्ये आलेल्या एका अभ्यासात सीओपीडीच्या पेशंटना 8 आठवडे ट्रेडमिलचं ट्रेनिंग दिलं होतं, सगळ्यांनी व्यायाम केला पण टायोट्रोपियम सोबत घेणारे जास्त वेळ चालू शकले आणि ट्रेनिंग संपल्यावर 12 आठवड्यांनीही ते पुढेच होते. म्हणजे औषधाने जो दम मिळाला तो त्यांनी व्यायामात खर्च केला.

किती दमायचं? 0 ते 10 च्या मापात धाप 4 ते 6 पर्यंत गेली तरी चालते, तुटक तुटक बोलता येईल एवढी. सलग जमत नसेल तर 1-2 मिनिटं चाला, थांबा, ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडा, परत चाला. नाडीवरून अंदाज बांधू नका, सॅल्ब्युटामॉलनेच ती वाढते, हातही थरथरतात. आणि अजून चालता यावं म्हणून मनानेच पफ वाढवणं तर अजिबात नको.

ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली गेला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा, घरचा ऑक्सिजन असेल तर चालताना किती लावायचा हेही त्यांनाच विचारा. कफाचा रंग बदललाय, धाप नेहमीपेक्षा जास्त आहे, पंप सारखा लागतोय, अशा दिवशी ट्रेनिंगला सुट्टी, फोन आधी. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच बसा आणि लगेच मदत बोलवा, राउंड पूर्ण करायच्या नादी लागू नका.