जुन्या ट्रॅक्टरची लोखंडी सीट कशी दुरुस्त करावी

१९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाने मुंबईत कांदिवलीला बनवलेला बी-२७५ असो, किंवा १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार होऊ लागलेला करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२० असो, त्या पिढीतील ट्रॅक्टरची सीट म्हणजे जाड पत्रा साच्यात दाबून काढलेली खोलगट पाटी असे. अशा पाटीला तडा गेला की ती भंगारात देऊन फोमची नवी सीट बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. माझ्या मते ही घाई टाळावी, कारण गंजून पत्र्याची पूर्ण चाळण झालेली नसेल तर मूळ सीट बहुतेक वेळा वाचवता येते, आणि जतन केलेल्या ट्रॅक्टरला शोभतेही तीच.

सीट काढण्यापूर्वी ती कोणत्या क्रमाने बसवली आहे, कोणता वायसर कुठे आहे आणि खाली रबर आहे का, याची छायाचित्रे घ्यावीत. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवावे. हे बोल्ट बहुधा इंची आट्यांचे असतात, त्यामुळे मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना लावून त्यांचे कोपरे घासू नयेत. नट हलतच नसेल तर तो छिन्नीने फोडावा किंवा कापावा, परंतु डिझेलची टाकी आणि नळ्या जवळ असताना गॅसची ज्योत वापरू नये.

सुटलेली सीट धुऊन उलटी ठेवावी, कारण खरे दुखणे खालच्या बाजूला दिसते. चालकाचे सगळे वजन आणि शेतातला प्रत्येक धक्का बोल्टच्या भोकांभोवतीच्या थोड्याशा पत्र्यावर येतो, आणि बोल्ट सैल राहिला तर तेथील पत्रा सतत वर-खाली वाकून शेवटी चिरतो. डोळ्यांना न दिसणारा तडा शोधण्यासाठी संशयित जागेवर रॉकेल लावून अर्धा तास थांबावे, ते कापडाने पूर्ण कोरडे पुसावे आणि वर खडूची बारीक पूड चोळावी. तड्यात मुरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. तड्याची दोन्ही टोके नेमकी कुठे आहेत हे याच वेळी खुणा करून ठेवावे, कारण पुढचे काम त्या खुणांवरच अवलंबून आहे.

आता गंज. जुन्या रंगात शिशाचा अंश असण्याची शक्यता धरून तो कोरडा घासू नये. पाणी लावून पॉलिश पेपरने काढावा आणि तोंडाला मास्क बांधावा. सैल खपल्या वायर ब्रशने काढून, एका लिटर पाण्याला सुमारे ५० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातील लिंबूसत्त्व, मिसळून त्या द्रावणात सीट रात्रभर बुडवावी. सकाळी घासून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून उन्हात वाळवावी. सीटला खालून आधार देणारा स्प्रिंगचा पाटा मात्र या द्रावणात कधीही टाकू नये, कारण कडक पोलाद आम्लात राहिल्यास ठिसूळ होऊ शकते.

पाटीला पोचे असतील तर ते वेल्डिंगच्या आधी काढावेत, म्हणजे तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीवर येतात. वाळूने भरलेल्या पोत्यावर सीट ठेवून लाकडी किंवा रबरी हातोड्याने पोच्याच्या कडेकडून मध्याकडे हलके ठोके द्यावेत. सीट बिडाची ओतीव असेल तर हातोडा लावूच नये. बीड वाकत नाही, फुटते. आणि त्याचे वेल्डिंग निकेलच्या कांडीने करणाऱ्या अनुभवी कारागिराकडेच सोपवावे.

पत्र्याच्या सीटमधील तडा जोडताना पहिले काम म्हणजे त्याच्या प्रत्येक टोकाला ३ मिलिमीटरचे भोक पाडणे. तड्याच्या टोकदार अग्रावर ताण एकवटतो आणि म्हणून तो पुढे सरकत राहतो. गोल भोकामुळे हा ताण पसरतो. नंतर ग्राइंडरने तड्याची इंग्रजी व्हीसारखी खाच करून कडा चकचकीत कराव्यात. पातळ पत्र्यासाठी सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणारे वेल्डिंग, सर्वांत सोयीचे पडते. एका दमात सलग टाका मारल्यास पत्रा तापून वेडावाकडा होतो, म्हणून इंचभर टाका मारून दुसऱ्या टोकाला जावे, मध्ये निवू द्यावे, आणि घाईने पाणी ओतू नये. बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा झिजला असेल तर खालून सुमारे २ मिलिमीटर जाडीचे ठिगळ जोडावे. त्याचे कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यापाशीच पुढचा तडा सुरू होतो. ठिगळासाठी जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेऊ नये, त्याचा धूर अपायकारक असतो.

स्प्रिंगच्या पाट्याला तडा असेल तर त्यावर वेल्डिंग करण्याचा मोह टाळावा. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरते आणि टाक्याच्या शेजारी तो अचानक तुटू शकतो. चालत्या ट्रॅक्टरवरून चालक खाली पडणे हा जिवावरचा धोका आहे. ट्रकचे पाटे दुरुस्त करणाऱ्याकडून त्याच रुंदीचा, जाडीचा आणि बाकाचा पाटा करून घ्यावा.

टाके घासून सपाट केल्यावर उरलेले खड्डे लांबीने (पुट्टीने) भरावेत, पण लांबीचा थर पातळच ठेवावा आणि बोल्टच्या जागी ती अजिबात लावू नये, कारण दाबाखाली ती फुटून बोल्ट सैल होतो. रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक अस्तर-रंगाचा, थर सीट वाळल्याबरोबर द्यावा. पावसाळी हवेत उघडे लोखंड काही तासांतच लाल पडते. मूळ रंगाची खूण बोल्टच्या डोक्याखाली किंवा कंसाच्या (ब्रॅकेटच्या) आड बहुधा शिल्लक असते, तिच्याशी रंग जुळवून दोन पातळ हात द्यावेत. पाणी वाहून जाण्यासाठी सीटमध्ये भोके असतील तर ती रंगाने बुजू देऊ नयेत.

बसवताना नवे रबर, बोल्टच्या डोक्याखाली मोठा चपटा वायसर आणि नटाखाली स्प्रिंग वायसर घालावा. ट्रॅक्टर उभा असतानाच सीटवर बसून अंग पुढे-मागे हलवून पाहावे आणि कुरकुर ऐकू आल्यास बोल्ट पुन्हा तपासावेत. रबर आणि रंगाचा थर दाबला जाऊन नट थोडे सैल होतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या नांगरणीनंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळावेत.