केंद्रकीय भौतिकीच्या सिम्युलेशनमधील बटणे आणि स्लायडर : नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

सोलापुरात बारावी आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रकीय भौतिकीचे सिम्युलेशन तयार करणाऱ्या एका लहान गटात मी काम करतो. या कामात नव्याने येणाऱ्यांचे लक्ष आधी समीकरणांकडे आणि चित्रांकडे जाते. विद्यार्थ्याच्या हाती मात्र बटणे आणि स्लायडरच येतात, आणि त्यांचे वागणे प्रत्येक पडद्यावर सारखे नसेल, तर अचूक गणितातूनही तो चुकीचे भौतिकशास्त्र शिकतो.

याचे कारण विषयातच आहे. एखादे अस्थिर केंद्रक (अणूचा गाभा) नेमके केव्हा क्षय पावेल, म्हणजे कण बाहेर टाकून बदलेल, हे सांगता येत नाही. पुष्कळ केंद्रकांपैकी निम्मी किती काळात क्षय पावतील, एवढेच सांगता येते; हा काळ म्हणजे अर्धायुष्यकाल. १०० केंद्रके घेऊन एका अर्धायुष्यकालानंतर मोजली, तर कधी ४६ उरतात, कधी ५३. हा फरक यदृच्छेचा आहे हे विद्यार्थ्याला पटायचे, तर दोन खेपांमध्ये दुसरे काहीही बदललेले नाही याची त्याला खात्री हवी. म्हणून ‘पुन्हा चालवा’ आणि ‘सर्व पूर्ववत करा’ ही बटणे आम्ही सर्वत्र वेगळी ठेवतो. पहिले बटण निवडलेला समस्थानिक (न्यूट्रॉनांच्या संख्येनुसार मूलद्रव्याचा प्रकार, जसे कार्बन-१४) आणि केंद्रकांची संख्या कायम ठेवून फक्त काळ शून्यावर आणते, तर दुसरे सगळ्याच निवडी मूळ स्थितीला नेते. एखाद्या पडद्यावर ही दोन्ही कामे एकाच बटणाकडे गेली, की विद्यार्थी आकड्यांतील चढउतारांचे कारण संगणकात शोधू लागतो.

काळाचे नियंत्रण सर्वांत अवघड. पोलोनियम-२१४ चा अर्धायुष्यकाल सुमारे १६४ मायक्रोसेकंद, आयोडीन-१३१ चा सुमारे ८ दिवस, कार्बन-१४ चा सुमारे ५,७३० वर्षे आणि युरेनियम-२३८ चा सुमारे ४.४७ अब्ज वर्षे आहे. प्रत्येकासाठी निराळा स्लायडर देण्याचा मोह होतो, तो टाळावा. आम्ही आडव्या अक्षावर काळ अर्धायुष्यकालांत मोजतो आणि प्रत्यक्ष काळ त्याखाली लिहितो. त्यामुळे ‘एक पाऊल पुढे’ या बटणाचा अर्थ कुठेही बदलत नाही आणि सर्व समस्थानिकांचा क्षयवक्र एकच असतो, हेही आपोआप दिसते.

केंद्रक जुळवण्याच्या पडद्यावर विद्यार्थ्याने बाणाचे बटण दाबून काढलेला न्यूट्रॉन त्याच्या पेटीत परत जातो, तर क्षयातून निघालेला कण पडद्याबाहेर जातो. या दोन हालचाली सारख्या दिसल्या, तर क्षय आपणच घडवला असा त्याचा समज होतो. अल्फा क्षयात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र बाहेर पडतात. बीटा क्षयात कार्बन-१४ चे नायट्रोजन-१४ होते आणि अणुवस्तुमानांक तोच राहतो. या घटनांना कोणतेही बटण जोडू नये. अशक्य निवडीचे बाण फिके करावेत, पण जागेवरून हटवू नयेत.

आमच्याकडे शहराच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक घरांतली आणि अक्कलकोटकडील कन्नडभाषक मुलेही येतात, त्यामुळे बटणाची जागा आणि चिन्ह कायम असणे त्यांना मराठी शब्दांइतकेच उपयोगी पडते. प्रोटॉनवर रंगासोबत अधिक चिन्हही असावे, कारण काहींना लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत.

भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या, अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील फेट (PhET) प्रकल्पाची सिम्युलेशन विनामूल्य आहेत. त्यांपैकी काही ओळीने उघडून पाहावीत. सर्व पूर्ववत करणारे नारिंगी गोल बटण खालच्या उजव्या कोपऱ्यातच सापडते. मग स्वतःचे काम सुरू करताना, कोड लिहिण्यापूर्वीच, प्रत्येक नियंत्रणाचे नाव, जागा, ते काय बदलते आणि काय बदलत नाही, असा तक्ता करावा. आमच्या गटातील बहुतेक वाद या शेवटच्या रकान्यावरच होतात.