खानापूरच्या जंगलातल्या गावांत पायी जाताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरातल्या गावांत फिरायला जाणाऱ्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे परवानगीशिवाय निघणं. आणि ती महागात पडते गावकऱ्यांना. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र साधारण 190 चौरस किलोमीटर. गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, आमगाव ही गावं त्याच जंगलातली. वनखात्याला न विचारता गावातल्या एखाद्या पोराला वाटाड्या म्हणून घेतलंत आणि अडवलं गेलात, तर तुम्ही संध्याकाळी बेळगावला परत याल. त्या पोराला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच चेकपोस्टवरून रेशन आणायला जायचं असतं. म्हणून आधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा. पावसाळ्यात धबधब्यांकडे जाण्यावर बंदी घालतात, तेव्हा 'आडवाटेनं जाऊ' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

वाट विचारतानाही चुकतं. "मामा, ही वाट गवाळीलाच जाते ना?" असं विचारलं की बहुतेक जण "होय की" म्हणतात. पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं, आणि वाट कुठूनतरी वळसा घालून जातही असते. त्याऐवजी "गवाळीला कुठनं जायचं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. मग समोरचा हातातला कोयता खाली ठेवतो, हात लांब करून दाखवतो: खालचा ओहोळ ओलांडायचा, डाव्या अंगाला काजूची बाग, पुढं दोन वाटा फुटतात त्यातली वरची धरायची. हे कुठल्याही नकाशात नसतं. किती किलोमीटर हे विचारू नका, दिवस मावळायच्या आत पोचू का ते विचारा. मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे हे सगळं जागेवरच नीट समजून घ्यावं लागतं.

ओढ्यांच्या बाबतीत गावकऱ्यांचा शब्द अखेरचा माना. आमगाव परिसर कर्नाटकातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या भागांपैकी आहे. वर डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला दिसतही नाही आणि खाली पाणी चढतं. जुलै 2024 मध्ये आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी भर पावसात खांद्यावरून वाहून नेलं. तुमचा पाय मुरगळला तर तुम्हालाही त्याच माणसांनी उचलायचं, आणि ते दिवस नेमके भात लावणीचे. लावणी आणि सुगीत गावात रिकामा माणूस शोधू नका. तरणी पोरं बहुतेक गोव्यात कामाला, घरी म्हातारीकोतारी. यात्रेआधी काही गावांत वार पाळतात, म्हणजे ठराविक वारी कामं बंद ठेवतात. त्या दिवसांचे नियम त्यांनी सांगायच्या आधी आपणच विचारून घ्यावेत.

जायला डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. पण याच दिवसांत माकडतापाची काळजी घ्यावी लागते. हा रोग 1957 मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्गातही त्याचे रुग्ण सापडले आहेत. गोचिडीतून तो पसरतो. पाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात सांगा. परतल्यावर ताप आला तर कुठल्या जंगलात गेला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

"कुठनं आलासा? च्या घ्या की," हे आमंत्रण मनापासूनचं असतं. चहा घ्या. पण सहा-आठ जणांनी जेवणाच्या वेळी अंगणात जाऊन बसायचं नाही. चुलीवर घरापुरतंच रांधलेलं असतं, आणि ती माऊली स्वतः उपाशी राहून तुम्हाला वाढेल. जेवायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या, पैसे आधी ठरवा. नुसत्या चहाचे पैसे आजीच्या हातात कोंबू नका. साखर, चहापूड, पोह्यांचं पाकीट न्या, घरचं नेल्यासारखं सहज द्या. पोरांना चॉकलेटं वाटत फिरू नका, त्यानं ती प्रत्येक गाडीमागे धावायला शिकतात. नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय अजिबात नकोत. देवराईत चपला घालून शिरण्याआधी थांबून विचारा.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. ओसरीवर बसल्याबसल्या "तुम्ही इथं राहता कसे? सरकार पैसे देतंय तर जा की बाहेर" असं लोक सहज बोलून जातात. याच अभयारण्यातल्या तळेवाडीच्या कुटुंबांनी 2025 मध्ये घरटी 15 लाखांच्या पुनर्वसन योजनेत गाव सोडलं. बाकीच्या गावांत हा प्रश्न अजून घराघरांत आहे. बाप म्हणतो राहू, पोरगा म्हणतो जाऊ. त्यात आपला सल्ला घालू नये. कुणी स्वतःहून बोललं तर ऐकून घ्यावं.

परतीच्या बसची वेळ सकाळी गावात शिरतानाच विचारून ठेवा. काही गावांना रात्री येऊन पहाटे निघणारी वस्तीची गाडीच तेवढी असते. ती चुकली तर अंधारात गव्या-अस्वलांच्या रानातून चालत निघू नका. जवळच्या घरात सांगा, ओसरीवर जागा मिळते.