पहिलं पिस्तूल घेताना आणि जवळ बाळगताना बायकांनी या चुका टाळा

टेक्ससमधल्या बंदुकीच्या दुकानात नवरा-बायको शिरले की काउंटरमागचा माणूस बहुतेक वेळा नवऱ्याशीच बोलतो. नवरा सांगतो, "हिच्यासाठी हवंय, पर्समध्ये मावेल असं." मग काचेखालून एक चिमुकलं पिस्तूल निघतं. वजन जेमतेम पाव किलो, कधी कधी मूठही जांभळी. घरी आणल्यावर ते रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, दोनदा चालवलं जातं, हात झणझणतो, आणि मग ते कपाटात पडून राहतं. नाहीतर सराव न करताच पर्समधून फिरत राहतं, आणि हे जास्त वाईट.

गेली काही वर्षं मी ह्यूस्टनमधल्या ओळखीच्या मराठी बायकांना पहिल्यांदा रेंजवर घेऊन जाते. शिकवायला तिथली प्रशिक्षक असते, मी फक्त सोबत. शस्त्र बाळगावं की नाही हे प्रत्येकीने स्वतः ठरवायचं, त्यात मी पडत नाही. पण ठरवलंच असेल तर ते तुमच्या हाताने निवडलेलं असावं, कारण वेळ आली तर ते तुमच्याच हातात असणार आहे. खालच्या बहुतेक चुका मी डोळ्यांसमोर होताना पाहिल्या आहेत.

दुकानाआधी व्हिसा पाहा

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. हे ऐकून आपल्याकडे पुष्कळांचा समज झाला आहे की आता कुणीही घेऊ शकतं. तसं नाही. एच-१बी, एच-४, एफ-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक तर नाहीच, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. वैध शिकार-परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही बंदी नाही. नवरा नागरिक आणि बायको अजून एफ-१ वर असेल, तर त्याने तिला पिस्तूल भेट देणं म्हणजे दोघांनी मिळून गुन्ह्यात अडकणं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना हौसेने रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देऊन फोटो काढणारेही मला माहीत आहेत. बी-२ व्हिसावर तेही चालत नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, दुकानदाराला नाही.

परवाना सक्तीचा नसला तरी तो काढाच असं माझं मत आहे. काही तासांचा वर्ग असतो, मग ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्यांची परीक्षा, २५० पैकी १७५ गुण लागतात. परवाना असला की इतर अनेक राज्यांत तो मानला जातो (कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये नाही), आणि शाळेच्या हजार फुटांच्या परिघात शस्त्र नेण्याला मनाई करणारा जो केंद्रीय कायदा आहे त्याचा घोळ टेक्ससपुरता मिटतो. मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईला हा मुद्दा रोजचा आहे. दारावरचे बोर्ड वाचायची सवयही त्या वर्गातच लागते. लाल अक्षरात ५१ टक्के लिहिलेलं दिसलं तर ते दारूवर चालणारं ठिकाण, तिथे पिस्तूल नेणं गुन्हा. पोस्ट ऑफिसमध्ये आणि त्याच्या आवारातही नाही. आपल्या देवळांच्या दारावरही असा मनाई बोर्ड असू शकतो, तो पाहूनच आत जा.

हलकं म्हणजे सोपं, हा गैरसमज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने पिस्तूल मागे येतं, आणि पिस्तूल जितकं हलकं तितका तो धक्का हाताला जास्त. रुगर एलसीपी साधारण २७० ग्रॅमचं आहे. ते खिशात हरवून जातं, पण नवशिक्या मुठीत नीट बसत नाही, करंगळीला जागाच मिळत नाही. अनुभवी माणसाचं ते दुसरं पिस्तूल म्हणून ठीक आहे, पहिलं म्हणून नाही.

रिव्हॉल्व्हरचं तसंच. "बायकांना रिव्हॉल्व्हर द्या, अडकत नाही, स्लाइड ओढावी लागत नाही," हा सल्ला अजून ऐकू येतो. (स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, तो मागे ओढून सोडला की गोळी नळीत चढते.) उदाहरण म्हणून स्मिथ अँड वेसनचं ६४२ पाहा. पाच गोळ्या, सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि प्रत्येक वेळी ट्रिगर दाबायला पाच किलोहून जास्त जोर. एवढा जोर लावताना बोटाबरोबर सगळा हात खाली ओढला जातो आणि गोळी नेमाच्या खाली जाते. मग बाई म्हणते, मला नेम जमत नाही. दोष तिच्या नेमाचा नसतो. संधिवात असलेल्या एका मावशींना मात्र स्लाइडपेक्षा रिव्हॉल्व्हरच सोयीचं वाटलं, जरा जड, स्टीलचं. म्हणून म्हणते, हाताला विचारा.

बहुतेकींना मधल्या आकाराचं पिस्तूल जमतं. सिग पी३६५, ग्लॉक ४३एक्स ही नऊ एमएम काडतुसाची, आणि स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी, जे २०१८ साली थ्री-एटी नावाच्या काडतुसात आलं आणि नंतर नऊ एमएममध्येही. ईझीची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवलेली आहे. ज्यांच्या मनगटात जोर कमी आहे त्यांनी आधी हे हातात घेऊन पाहावं.

हातात घेतल्यावर तीन गोष्टी पाहा. अंगठा आणि पहिलं बोट यांमधली बेचकी पिस्तुलाच्या मुठीच्या मागच्या बाजूला अगदी वरपर्यंत पोचते का. नळी आणि कोपरापुढचा हात एका रेषेत येतात का. आणि हाताची पकड न फिरवता बोटाच्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर टेकतो का. पकड फिरवावी लागली तर ते पिस्तूल तुमच्यासाठी मोठं आहे, कितीही आवडलं तरी ठेवून द्या. मग रेंजवर भाड्याने घेऊन किमान तीन पिस्तुलांच्या पन्नास-पन्नास गोळ्या चालवा. खर्च होतो, पण चुकीचं पिस्तूल घेऊन अर्ध्या किमतीत विकण्यापेक्षा कमीच. जुनं घेत असाल तर कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून रिकॉल आहे का, म्हणजे दोष निघाल्याने कंपनीने ते परत मागवलं आहे का, ते तपासा.

"स्लाइड ओढतच नाही"

ही तक्रार दहातल्या आठजणी करतात, आणि दुकानदार लगेच रिव्हॉल्व्हर पुढे करतो. बहुतेक वेळा ताकद पुरेशी असते, पद्धत चुकलेली असते. हात लांब करून, दोन बोटांच्या चिमटीने स्लाइड ओढली जाते. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ आणा, नळी सुरक्षित दिशेलाच. डाव्या तळहाताने स्लाइडवर वरून पंजा टाका, चारही बोटं एका बाजूला. मग डाव्या हाताने ओढण्यापेक्षा उजव्या हाताने पिस्तूल जोरात पुढे ढकला. वरवंटा ढकलताना खांदा आणि पाठ लागते, तसंच इथे. स्लाइड मागे गेली की हात सोडून द्या. तिला हाताने हळूहळू पुढे आणली तर काडतूस अर्धवट बसतं आणि पिस्तूल अडकतं. एकच धोका लक्षात ठेवा: असं करताना नळी नकळत स्वतःच्या डाव्या कोपराकडे किंवा शेजारणीकडे वळते.

मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, शेवटच्या दोन गोळ्या भरताना अंगठा सोलवटतो. त्यासाठी छोटं लोडर मिळतं. ते घ्या, त्यात कमीपणा नाही.

पिस्तूल सारखं अडकतंय?

रिकामी पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं कवच) स्लाइडमध्ये उभी अडकलेली दिसली तर आधी मनगट पाहा. मनगट ढिलं असलं की सगळं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही, आणि पुंगळी बाहेर पडत नाही. गोळीच्या आवाजाच्या भीतीने बायका कमरेतून मागे झुकतात, त्यानेही हेच होतं. जोर पायांच्या चवड्यांवर घ्या, खांदे किंचित पुढे. मनगट घट्ट केल्यावरही अडकत असेल तर मॅगझिन बदलून पाहा, मग काडतुसाची जात, मग साफसफाई.

ट्रिगर दाबला आणि नुसतं टक् झालं, तर रेंजवर नळी समोरच ठेवून तीस सेकंद थांबा. क्वचित गोळी उशिरा सुटते. आणि नेहमीच्या धडाक्याऐवजी फुसकन आवाज आला तर पुढची गोळी मुळीच चालवू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. प्रशिक्षकाला बोलवा.

हेही सांगते, कारण घाबरून झालेल्या चुका मी याच्यामुळे पाहिल्या आहेत. गरम पुंगळी उडून गळ्यातून आत जाते आणि चटका बसतो. बाई पिस्तुलासकट वळते. म्हणून बंद गळ्याचा टीशर्ट, टोपी, बंद बूट. आणि मनाशी आधीच ठरवून ठेवा: चटका बसला तरी नळी समोरच, पिस्तूल आधी खाली ठेवायचं, मग पुंगळी काढायची.

रिकामं करण्याचा क्रम

आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. उलटं केलंत तर चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीतली) गोळी उडून बाहेर पडते, स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत घेते, आणि तुम्ही मॅगझिन काढून म्हणता, रिकामं झालं. ते रिकामं झालेलं नसतं. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही पाहा. घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करताना काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. सराव संपवून पिस्तूल भरलं की "आणखी एकदा" नाही. बेडरूमच्या भिंतीला भोकं पडतात ती बहुधा त्या आणखी एकदामध्ये.

पर्स आणि कुर्ता

३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यात हेडन इथल्या एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि गोळी सुटून आई तिथेच गेली. तिला शस्त्र हाताळायची सवय होती. पर्सही पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली, खास बनवलेली होती. फक्त पर्स शॉपिंग कार्टमध्ये होती आणि मूल कार्टमध्ये बसलेलं. ही घटना मी प्रत्येक नव्या बाईला सांगते, आणि लहान मुलं असतील तिला पर्सचा विचार सोडायला सांगते. पर्स आपण दिवसातून वीसदा खाली ठेवतो. चोर ओढतो तीही पर्सच. इतकं करूनही पर्सच हवी असेल तर वेगळा कप्पा, त्यात ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान), आणि पर्स अंगावरून कधीही न काढणं. पेन, किल्ल्या, लिपस्टिक यांच्यात सुटं पिस्तूल टाकणं म्हणजे ट्रिगरवर कुणाचं तरी बोट ठेवून फिरणं.

अंगावर बाळगायचं तर आपल्या कपड्यांची अडचण खरी आहे. सलवारीच्या नाडीवर किंवा लेगिंगवर होल्स्टर तग धरत नाही. पोटावर बांधायचा रुंद पट्टा मिळतो. त्यात कायडेक्स या प्लास्टिकचं कडक कवच असलेलाच घ्या, नुसत्या इलॅस्टिकच्या खिशात ट्रिगर कापडातूनही दाबला जातो. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना कुर्त्याची कड, ओढणी, जॅकेटची दोरी आत गेली तर तीच ट्रिगर ओढते. घाई करू नका, पाहून ठेवा. ठेवायला कुणी घड्याळ लावलेलं नसतं. पट्टा बांधून घरात रिकाम्या पिस्तुलाने आठवडाभर वावरा: वाका, गाडीत बसा, मुलाला उचला, बाथरूमला जा. बाथरूममध्ये पिस्तूल बाजूला ठेवून विसरणं हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच नेहमीचा आहे.

घरी

अंगावर नसेल तेव्हा ते तिजोरीत. कपाटाच्या वरच्या फळीवर साड्यांखाली ठेवलेलं मुलांना माहीत असतं, आपल्याला वाटतं नसतं. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागू दिलं तर मोठ्यांवर गुन्हा दाखल होतो. बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या मिळतात. ओल्या हाताने, पिठाच्या हाताने ती उघडते का ते तपासून घ्या, आणि चावी किंवा आकड्यांचा पर्यायही असू द्या.

एक बोलायला जड जाणारी गोष्ट. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० जीव गेले, त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरात कुणी खचलेलं असेल, स्वतः तुम्ही असाल, तर पिस्तूल काही काळ घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवा. ९८८ हा अमेरिकेतला आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीचा मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो.

गरोदर असाल तर रेंज पुढे ढकला. हवेत शिसं असतं, आवाजही फार. इतरांनीही रेंजवरून आल्यावर थंड पाण्याने हात धुवावेत आणि ते कपडे बाळाला घेण्याआधी बदलावेत.

भारतात निघताना

रेंजला नेलेल्या बॅगेत, जॅकेटच्या आतल्या खिशात, अस्तराच्या फाटलेल्या शिवणीत एखादं काडतूस राहून जातं. तीच बॅग घेऊन माणूस सुट्टीला भारतात जातो आणि परतताना मुंबई विमानतळावर एक्स-रेमध्ये ते दिसतं. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली एक जिवंत काडतूससुद्धा विनापरवाना जवळ असणं गुन्हा आहे. नकळत राहून गेलं हे पटवून देऊन अनेकजण न्यायालयातून सुटतात, पण तोवर विमान गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो आणि वकील शोधत घरचे धावत असतात. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती विमानात कधीच नेऊ नका. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक बॅग पलंगावर उलटी करून झटका, खिसे बाहेर ओढा, अस्तरावरून तळहात फिरवा. नवऱ्याची लॅपटॉप बॅगही.