प्लॅस्टिकच्या खुर्चीला दिलेला रंग सोलतो का, आणि टिकवायचा कसा

‘पॉलिश पेपर फिरवा, स्प्रे मारा, झालं’ हा सल्ला ऐकून रंगवलेली प्लॅस्टिकची खुर्ची महिन्याभरात उकडलेल्या बटाट्यासारखी सोलते. मग शिव्या बसतात रंगाला. चूक बहुतेक वेळा रंगाखालच्या थराची असते.

आधी खुर्ची रंगवण्याच्या लायकीची आहे का ते बघा. सीटवर नख ओढल्यावर पांढरी भुकटी वर आली तर उन्हाने वरचा थर खाल्ला आहे. भुकटी घासून गेली आणि खाली टणक लागलं तर हरकत नाही. पण पाय जिथे सीटला मिळतात तिथे केसासारखी चीर दिसली तर ती खुर्ची भंगारवाल्याला द्या. पॉलिप्रॉपिलीनला, म्हणजे या खुर्च्यांच्या नेहमीच्या प्लॅस्टिकला, फेव्हिक्विक धरत नाही, आणि वजन पेलणाऱ्या पायाला गरम सळईने डाग मारून त्यावर माणूस बसवणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

मग प्लॅस्टिक कोणतं ते ओळखा. मांडववाल्याकडच्या हातांच्या एकसंध खुर्च्या जवळपास सगळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे पीपीच्या असतात. खालच्या बाजूला त्रिकोणात ५ किंवा ‘पीपी’ अशी खूण सापडते. नसेल तर आतल्या कडेची छोटी कपची कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सोडा. पीपी तरंगतं, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही दुसरी प्लॅस्टिकं बुडतात. यात एक गोम आहे. स्वस्त खुर्च्यांत कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भरतात, आणि ती वजनाच्या साधारण १५ टक्क्यांपुढे गेली की पीपीही बुडतं. तेव्हा बुडालं म्हणून निकाल देऊ नका. सीटखाली ॲसिटोनचा बोळा मिनिटभर दाबून बघा. एबीएस चिकट होतं, पीपी ढिम्म हलत नाही.

आकारावरून तर अजिबात ओळखू नका. डॅनिश डिझायनर व्हर्नर पँटनची ती नागमोडी, मागचे पाय नसलेली खुर्ची घ्या. १९६७ साली ती फायबरग्लासमध्ये आली, पुढे पॉलियुरेथेनच्या कडक फोममध्ये, १९७१ ते १९७९ लुरान-एस नावाच्या प्लॅस्टिकमध्ये (ते काही वर्षांत तडकायचं), आणि १९९९ पासून पीपीमध्ये निघते. आकार तोच असला तरी प्रत्येकीची निगा वेगळी. चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी अस्सल वस्तू हाती लागलीच, तर तिला रंग लावू नका. लुरान-एस आणि पीपीच्या खुर्चीचा रंग प्लॅस्टिकमध्येच कालवलेला असतो. वर थर चढवला की वस्तूही गेली आणि किंमतही गेली. फायबरग्लास कोरडं घासू नका, त्याचे काचेचे तंतू छातीत जातात. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक खुर्चीला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव तिला बारीक तडे पाडतं.

आता पीपीचा रंग. घोडं इथेच अडतं.

पीपीचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. त्यावर रंग पसरतो, सुकतो, पण त्याला धरत नाही. लाकडाचा प्रायमर, रेड ऑक्साइड, ‘सगळ्यावर चालतो’ असा कोणताही प्रायमर इथे कुचकामी. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जाऊन बंपरचा प्रायमर मागा आणि डब्यावर ‘पीपी’ लिहिलंय का ते स्वतः वाचा. नुसतं ‘प्लॅस्टिक प्रायमर’ लिहिलेला डबा बऱ्याचदा एबीएससाठी असतो, आणि दुकानदार तोच पुढे सरकवतो.

घासण्याआधी धुवा, नंतर नाही. भांडी घासायच्या साबणाने खुर्ची खसखसून धुवा, वाळवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आधी घासलंत तर जुनं पॉलिश आणि हाताचं तेल ओरखड्यांच्या आत दाबलं जातं, मग ते कशानेच निघत नाही.

घासताना ८० नंबरचा जाड कागद उचलायचा मोह आवरा. पीपीची लाकडासारखी पूड होत नाही. त्याची लव उभी राहते, आणि रंगाखाली तो प्रत्येक केस टोचतो. ४०० चा वॉटर पेपर, पाणी लावून, हलक्या हाताने. चमक गेली की थांबा. लव उठलीच असेल तर नव्या ब्लेडची धार आडवी धरून ती खरवडा. लायटरने जाळू नका. लव राहील बाजूला, सीटला खळगा पडेल. खुर्ची पुन्हा धुवून पूर्ण वाळवा, अल्कोहोलने पुसा, आणि यापुढे उघडा हात लावायचा नाही.

प्रायमरचा थर पातळ, अगदी धुकं बसल्यासारखा. ‘जास्त मारला तर जास्त धरेल’ हे इथे उलटं आहे: जाड थर स्वतःच मधून फाटतो आणि रंग बरोबर घेऊन जातो. त्यावर रंग मारायची वेळ डब्यावर दिलेली असते. ती काही मिनिटांची असू शकते. म्हणून रंगाचा डबा आधीच हलवून तयार ठेवा. वेळ चुकली तर रंग मारू नका, डब्यावर सांगितलं असेल तसा प्रायमर पुन्हा द्या.

रंग ॲक्रिलिक स्प्रे. हातांच्या एका खुर्चीला ४०० मिलीचे दोन डबे धरा. २५ सेंटीमीटर अंतरावरून तीन-चार पातळ हात, मध्ये १०-१५ मिनिटं. ऑइल पेंट नको. तो कालांतराने कडक होतो, आणि बसल्यावर सीट लवते तिथे तडकतो. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत रंगावर दुधाळ झाक येते.

पण अख्खी खुर्ची रंगवण्याआधी सीटखाली तळहाताएवढ्या जागेवर हे सगळं करून दोन दिवस थांबा. मग ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा ओढा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन निघाले तर पट्टीवरच्या तुकड्याची मागची बाजू बघा. तिथे प्रायमर दिसला तर धुण्या-घासण्यात कसूर आहे. नुसता रंग निघून प्रायमर खुर्चीवरच राहिला असेल तर वेळ चुकली.

रंगवलेल्या खुर्चीवर सात दिवस बसू नका. हाताला कोरडा लागतो म्हणजे तो कडक झाला असं नाही.

मांडणी सोपी आहे. चार पांढऱ्या खुर्च्या ओळीत ठेवल्या की बैठकीचं मंगल कार्यालय होतं. सागवानी कपाटाशेजारी किंवा बंगईजवळ गडद मोहरी वा विटकरी रंगाची, बिनचमकीची एकच ठेवा, आणि दुपारचं ऊन थेट पडणार नाही अशी जागा बघा.