हलकी स्पोर्ट्स कार नवीन घेतलीय? आधी या चुका टाळा

हलकी स्पोर्ट्स कार घरी आली की पहिले काही आठवडे माणूस गाडी कमी चालवतो आणि आवाज जास्त ऐकतो. हा खडखडाट कसला, ब्रेक इतका कडक का, स्टिअरिंग हातात सारखं हलतंय ते बरोबर आहे का, आणि पायाखालच्या चटईत पाणी आलं कुठून. मी स्वतः यातून गेलोय, नंतर ओळखीच्या चार-पाच जणांच्या गाड्यांखाली पण झोपलोय, आणि त्यावरून सांगतो की नवीन मालक ज्याला बिघाड म्हणतात त्यातलं निम्मं गाडीचा स्वभाव असतो, आणि "हलकी गाडी आहे, चालायचंच" म्हणून जे सोडून देतात त्यातच बऱ्याचदा खरा बिघाड निघतो.

१९९६ मध्ये आलेली पहिली लोटस एलिस साधारण ७२५ किलोची होती, १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ हजार किलोच्या आतली, आणि कॅटरहॅम सेव्हन तर त्याहून हलकी. एवढं वजन कमी करताना आवाज दाबणारे जाड थर, पॉवर स्टिअरिंग, ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवून देणारा भाग) यातलं काहीतरी गेलेलंच असतं. त्यामुळे चाकाखालचा खडा बॉडीवर आपटल्याचा टणकन आवाज, रस्त्याच्या उताराप्रमाणे हातात फिरू बघणारं स्टिअरिंग, टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणाऱ्या पंपाचा मागून येणारा गुणगुणाट, हे सगळं ठीक आहे. याच्यामागे लागू नका.

पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक: टायरमधली हवा

माझी गाडी आली तेव्हा महिनाभर ती सरळ रस्त्यावरसुद्धा इकडेतिकडे पळायची, बारीक उंचवटा आला की उडी मारायची, ओल्यात तर भीतीच वाटायची. शॉक ॲब्सॉर्बर गेले असं मी धरून चाललो होतो, नवीन सेटची किंमत पण विचारून ठेवली होती. मग एका सकाळी गाडी हलवायच्या आधी गार टायरला स्वतः गेज लावला तर चारही टायर ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). टायरवाल्याने हाताच्या सवयीने बाकीच्या गाड्यांत भरतात तेवढी भरून दिली होती. माझ्या मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं पुढे २६, मागे २९. हवा काढली, त्याच रस्त्यावरून परत गेलो आणि गाडी अक्षरशः बसली रस्त्यावर.

कारण सोपं आहे. टायरमधली हवा गाडीचं वजन पेलते. चौदाशे किलोच्या गाडीला जेवढी लागते तेवढी आठशे किलोच्या गाडीत भरली की टायर दगडासारखा होतो, मधला पट्टाच रस्त्याला टेकतो आणि पकड जाते. म्हणून आकडा मॅन्युअलमधून घ्या, टायरच्या कडेवर छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा आकडा, तो भरायचा नसतो. आणि मोजायचं गार असतानाच, कारण चालवल्यावर प्रेशर तीन-चार पीएसआय सहज वर जातं. स्वतःचा चांगला गेज घ्या, या गाडीवरचा सगळ्यात उपयोगी खर्च तोच.

हवा बरोबर असूनही गाडी भटकत असेल तर मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट लावून घेणं. इथे पण वजनाचंच गणित आहे, ७५० किलोच्या गाडीत ७५ किलोचा माणूस बसला म्हणजे दहा टक्के वजन एका बाजूला वाढलं. म्हणून करून घेताना ड्रायव्हरच्या सीटवर तेवढं वजन ठेवायला सांगा, टाकीत पेट्रोल पण नेहमीइतकं असू दे.

गाडीत पाणी

सॉफ्ट टॉपवाल्यांचा, म्हणजे कापडी छताच्या गाडीवाल्यांचा, हा हमखास प्रश्न, आणि हमखास चूक म्हणजे लगेच नवीन छत नाहीतर नवीन रबर मागवणं. एमएक्स-५ मध्ये छतावरून ओघळलेलं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत जमतं आणि तिथल्या ड्रेनमधून खाली मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. त्या भोकांत पानं, माती, जुन्या छताचे धागे अडकले की पाणी उलटं आत येतं, नाहीतर दाराखालच्या पोकळ भागात साठून राहतं आणि गंज आतून खायला लागतो. बाहेरून रंगाला फुगवटा दिसेपर्यंत पत्रा संपलेला असतो, म्हणून हे मनावर घ्याच.

करायचं काय, तर छत उघडा, कोपऱ्यात बोट घालून कचरा काढा, आणि ग्लासभर पाणी हळूहळू ओता. दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. धार लगेच पडली तर ड्रेन मोकळा, थेंब थेंब पडलं तर अजून अडकलंय. मऊ नायलॉनची दोरी आत-बाहेर करून साफ करा. टोकदार तार किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी निसटली तर पाणी थेट गाडीतच उतरेल.

सुरूच होत नाही

या गाड्या रोज चालत नाहीत, बॅटरी छोटी असते, आणि अलार्म, इमोबिलायझर (चोराला इंजिन सुरू करू न देणारी यंत्रणा) चोवीस तास तिच्यावर जगत असतात. दोन-तीन आठवडे उभी राहिली की सेल्फ नुसतं टकटक करतं आणि मालक स्टार्टर मोटर खोलायला निघतो. आधी व्होल्टेज बघा. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली असेल तर बाकी काही शोधायची गरजच नाही. मेंटेनन्स चार्जर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) घ्या आणि गाडी उभी असेल तेव्हा लावून ठेवा. इंजिन पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हा उपाय नाही, त्यात बॅटरी भरत नाही आणि तेलात ओल मात्र साठते.

ती ओल म्हणजेच ऑइल कॅपच्या आत दिसणारा पांढरट, सायीसारखा थर. गार हवेत छोट्या फेऱ्या मारल्या की येतो, एक लांब फेरी मारा, बहुतेक वेळा जातो. पण त्याच्या जोडीला कूलंटची पातळी खाली जात असेल तर वाट बघू नका. सुरुवातीच्या एलिसमध्ये रोव्हरचं १.८ लिटर के-सिरीज इंजिन आहे आणि त्याचा हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) त्रास सगळ्यांना माहीत आहे. दर आठवड्याला गार इंजिनवर कूलंटची पातळी बघायची. शिवाय इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असलेल्या गाडीत पाण्याचे पाइप गाडीभर फिरतात, कूलंट बदलल्यावर आत हवा राहिली की तापमानाचा काटा वर-खाली नाचतो. हवा नीट काढल्याशिवाय लांब जाऊ नका. इंजिन बंद केल्यावर पुढचा फॅन थोडा वेळ फिरत राहिला तर घाबरायचं कारण नाही.

ब्रेकचं थोडक्यात. बूस्टर नसलेला ब्रेक कडक लागणारच, पाय जोरात दाबायची सवय दहा-बारा दिवसांत होते. रात्री पाऊस झाला की सकाळी डिस्कवर गंजाचा पातळ थर दिसतो, दोन-तीनदा ब्रेक लावले की खरखर जाते. पण पेडल मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर तो स्वभाव नाही, बिघाड आहे, गाडी तिथेच थांबवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी कितीही कमी चालली असली तरी.

इंजिन गार असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका, पाण्याचा काटा जागेवर आला तरी तेल गरम व्हायला अजून वेळ लागतो.

आणि जॅक. एलिसची चेसी ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून बनवलेली आहे आणि बॉडी फायबरची. चुकीच्या जागी उचलली तर बॉडी तडकते, चेसीला इजा झाली तर दुरुस्ती फार अवघड. गॅरेजमध्ये गाडी टाकताना मॅन्युअलचं ते पान स्वतः उघडून दाखवा आणि उचलेपर्यंत तिथे उभे राहा, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. चाकं काढून परत बसवली असतील तर साधारण शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) सगळे बोल्ट पुन्हा तपासा. माझ्या एका मित्राच्या गाडीत मागून वळणावर येणारी टकटक आम्ही दोन रविवार सस्पेन्शनच्या रबरी बुशमध्ये शोधत होतो. तिसऱ्या रविवारी रेंच लावला तर डाव्या मागच्या चाकाचे दोन बोल्ट जवळजवळ अर्धा फेरा फिरले.