चांदीवर सोन्याची नक्षी: कोरियन कुम-बू घरच्या शेगडीवर

सोन्याचं पाणी दिलेले दागिने आपल्या ओळखीचे आहेत. कोरियातली कुम-बू ही रीत वेगळी आहे. तिच्यात रसायनाची टाकी लागत नाही, डाख (धातू जोडायचं सोल्डर) लागत नाही आणि डिंकही लागत नाही. शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा तापलेल्या चांदीवर ठेवून दाबत घोटायचा, की तो कायमचा बसतो. कोरियात चांदीचे चमचे, जेवणाच्या काड्या आणि वाट्या अशा सजवत आले आहेत. १९८०च्या दशकात कोमेलिया होंगजा ओकिम या कोरियन-अमेरिकन धातुकलावतीने ही रीत अमेरिकेतल्या कारागिरांना शिकवली आणि तिथून ती जगभरच्या छोट्या कार्यशाळांत पोचली.

चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ला. कुम-बूचं काम मात्र २६० ते ३७० अंश सेल्सिअसवर होतं, म्हणजे काहीच वितळत नाही. दोन्ही धातूंचे अणू जवळपास एकाच आकाराचे असतात. त्यामुळे पृष्ठभाग स्वच्छ असला, तर ऊब आणि दाब मिळताच ते एकमेकांत शिरतात. सगळी मेहनत त्या स्वच्छ पृष्ठभागासाठी आहे. सोनं चिकटवणं हा त्यातला सोपा भाग.

पहिल्या कामासाठी पदक घ्या. साधारण २५ मिलिमीटर व्यासाची, ०.६ मिलिमीटर जाडीची चकती पुरे. जमलं तर ९९९ची शुद्ध चांदी घ्या, तिला पुढची तयारी जवळजवळ लागत नाही. ९२५ चांदीही (हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं) चालते, पण तिच्यातलं तांबं आड येतं. जुनी पैंजणं आटवून काम भागवायचा मोह टाळा. त्यात भेसळ किती आहे हे कळत नाही.

सोनं २४ कॅरेटचंच हवं आणि जाडी १० ते २५ मायक्रॉन. मिठाईवर लावतात तसला सोन्याचा वर्ख चालणार नाही. तो या पत्र्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा पातळ असतो आणि तापल्यावर चांदीत विरून जातो. २० मायक्रॉनचा पाच बाय पाच सेंटिमीटर पत्रा करायला जवळपास एक ग्रॅम सोनं लागतं, आणि त्यात कितीतरी पदकं होतात. तयार पत्रा मिळाला नाही तर रोलर असलेल्या सोनाराला विचारा. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ठेवून सोनं इतकं पातळ लाटता येतं.

आता चकतीची कामं उरका. कडी जोडायची असेल तर डाख आत्ताच लावा. सोनं चढल्यावर तेवढी आच दिली, तर ते चांदीत मुरतं आणि रंग फिका पडतो. कानस, सँडपेपर, ठोके मारून केलेला पोत, बाक हे सगळंही आधीच. खडा बसवायचा असेल तर तो मात्र अगदी शेवटी.

९२५ चांदी असेल तर तिच्या पृष्ठभागावरचं तांबं घालवायचं. चकती गॅसच्या ज्योतीच्या टॉर्चने काळपट होईपर्यंत तापवा, लाल भडक होऊ देऊ नका. गार करून लिंबूसताच्या गरम पाण्यात टाका: लिटरभर पाण्याला सुमारे १०० ग्रॅम. चकती दुधासारखी पांढरी झाली की बाहेर काढा, साबण आणि मऊ ब्रशने घासा, पुन्हा तापवा. असं पाच-सात वेळा करावं लागतं. तापवल्यावरही चकती पांढरीच राहिली की वर शुद्ध चांदीचा थर तयार झाला. त्यानंतर कानस लावाल तर तो थर निघून जाईल. लिंबूसताच्या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, चांदीवर तांबं चढतं. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा.

सोन्याचा पत्रा ट्रेसिंग पेपरच्या घडीत धरून कात्रीने कापा. नुसता कापलात तर तो चुरगळतो. टोकदार कोपऱ्यांपेक्षा गोलसर आकार बरे, कारण कोपरे आधी उचलतात. बोटं लावू नका, तेलकटपणा पकड बिघडवतो. ओल्या बारीक ब्रशने तुकडा उचलून चकतीवर ठेवा आणि पाणी सुकू द्या. उरलेल्या चिंध्या डबीत जपा, सोन्यावर सोनंही चिकटतं आणि फाटलेल्या जागी त्या ठिगळाला कामी येतात.

कॉइलच्या शेगडीवर जाड स्टीलची पट्टी ठेवून तीवर चकती ठेवा. तापमापक नसेल तर लाकडी दातकोरणी चांदीला टेकवून पाहा. टोक लगेच काळवंडलं की आच योग्य. डाव्या हातातल्या लांब चिमट्याने चकती धरा, हातमोजा घाला. उजव्या हातात अकीकाची घोटणी, म्हणजे गुळगुळीत टोकाचं दाबून घासायचं हत्यार. आधी तुकड्याच्या मध्यावर फक्त दाबा, घासू नका. तो धरला की मधून कडेकडे घोटत जा. पत्रा चांदीला भेटतो तेव्हा त्याची चमक बदलते, खालचा पोत वर उमटू लागतो. ते दिसेपर्यंत थांबायचं नाही. घोटणी स्टीलची असेल तर ती तापली की सोन्याला चिकटून ते ओढते, म्हणून ती अधूनमधून पाण्यात बुडवून पुसा. अकीकाची घोटणी मात्र गरम असताना पाण्यात घालू नका, तडकेल.

कडा सुईने हलकेच उचलून पाहा. उचलली गेली, तर पुन्हा तापवून दाबा. मध्ये फुगा राहिला असेल तर सुईने टोचून हवा काढा आणि घोटा. फुगे सारखेच येत असतील तर दोष बहुधा आचेचा नसतो. वरचं तांबं पुरतं गेलेलं नसतं, तेव्हा ती पायरी पुन्हा करा.

चकती आपोआप गार होऊ द्या. पिवळ्या-पांढऱ्याचा फरक आत्ता जेमतेमच दिसेल. चांदी काळी केली की नक्षी उठते, कारण गंधक चांदीला काळं करतं, शुद्ध सोन्याला नाही. पोटॅशियम सल्फाइडचं कोमट पाणी यासाठी वापरतात. ते खिडक्या उघड्या ठेवून वापरा आणि लिंबूसताच्या पाण्याजवळ आणू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. मला घरी उकडलेल्या अंड्याचा मार्ग आवडतो. कुस्करलेलं गरम अंडं आणि पदक घट्ट झाकणाच्या डब्यात, एकमेकांना न टेकता ठेवा. काही वेळात अंड्यातल्या गंधकाने चांदी आधी पिवळसर, मग करडी होते. हवी ती छटा आली की धुऊन टाका.

अंगठीवर कुम-बू करायची हौस असेल तर सोनं खोलगट भागात लावा. वरच्या कडांवर ते रोजच्या घासण्याने झिजतं. पॉलिशच्या चाकावर हे दागिने कधीच धरू नका. चांदी उजळायचं तयार द्रावण लावलं तरी मुद्दाम आणलेला काळा रंग उतरतो. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं एवढंच वापरा.